शिकाऊ मॅडम

तालुका कोरपना
१९ मार्च २०२५

प्रिय कांताताई,
सप्रेम जय भीम.

तू आणि भाऊजी बरे असाल. आईचा गुडघा कसा आहे? नागभीडला गेलीस तर एवढंच सांग, की रिना बरी आहे, वेळेवर जेवते. इकडे ऊन आताच तापायला लागलं. मोहफुलं पडू लागली आहेत, पहाटे सगळ्या बाया टोपल्या घेऊन रानात असतात.

हे पत्र आणणारा जंगू. मराठी कमी बोलतो आणि घाबरलेला आहे. आधी त्याला चहा दे, मग त्याच्या बायकोजवळ नेऊन बसव. सोमारी तिचं नाव. एव्हाना ती तुझ्या दवाखान्यातल्या जळीत वॉर्डात पोचली असेल. कंपनीच्या गाडीतून तिला नेलं, याला जागा नाही म्हणाले. हा सिमेंटच्या ट्रकने येतो आहे. फोनच केला असता, पण तो रिगच्या गेटवर जमा आहे आणि आता मला देत नाहीत.

ट्रेनिंग कसं चाललंय, असं तू दरवेळी विचारतेस आणि मी 'मस्त' म्हणते. शिकायला मिळालं, खोटं नाही. गॅससाठी रिगने, म्हणजे खोदायच्या यंत्राने, जमिनीत खोल विहीर कशी पाडायची, खालचा दाब वरून कसा ओळखायचा, सगळं शिकले. जूनमध्ये पक्की झाले असते, समुद्रावरच्या रिगवर नेमणूक मिळाली असती. कुलथे साहेबांनी, म्हणजे आमच्या रिगच्या प्रमुखांनी, तसं सांगितलंही होतं.

गेल्या महिन्यात विहिरीत लोखंडी पाइप सोडून त्याच्या बाहेरून सिमेंट भरलं. ते नीट बसलं नाही, गॅस पाइपच्या बाहेरून वर येऊ शकतो, हे तपासणीत दिसत होतं. दुरुस्त करायचं तर काम थांबवावं लागलं असतं. साहेब म्हणाले, "चालतंय."

सोमारी आमच्या कॅम्पवर भांडी घासायला यायची. एक दिवस म्हणाली, "मॅडम, आमच्या जुन्या बोरिंगमधून फुसफुस आवाज येऊन राह्यला. पाणी उकळल्यावानी दिसते, पन थंडं हाय." मी गॅस असला की वाजणारा मीटर घेऊन त्यांच्या गुड्यात, म्हणजे पाड्यावर, गेले. तिच्या चुलीच्या खोलीला लागूनच ते बंद पडलेलं बोरिंग. मीटर वाजायचा थांबेना. ताई, आपल्या सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो. जमिनीतून येतो त्याला काहीच नसतो. खोलीत शेणाने सारवलेल्या भुईचा वास येत होता, बस.

मी तिला चूल अंगणात मांडायला लावली. "आत काडीसुद्धा ओढू नको," म्हटलं. तिने ऐकलं. परत येऊन साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "हा कोळशाचा इलाका आहे. गॅस आधीपासूनच असेल. तू शिकायला आली आहेस ना? मग शीक."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुड्यात माणूस पाठवला. तो काय बोलला ते मला जंगूने आज सांगितलं. "भिऊ नका. ते मॅडम शिकाऊ हाय, तिले काई समजत नाई."

आज सकाळी वारा सुटला होता. अंगणात विस्तव धरेना, म्हणून सोमारीने चूल पुन्हा आत नेली.

आवाज कॅम्पपर्यंत आला. मी धावत गेले तेव्हा छप्पर उडालेलं होतं आणि ती दारात बसून होती. हात पुढे धरलेले. रडत नव्हती. मला पाहून एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमी खरं बोलल्या."

तिच्यासोबत कंपनीचा माणूस आला असेल. सिलिंडर फुटला, असं तो लिहून मागेल. त्या घरात सिलिंडर नाही, कधी नव्हता. ती गुंगीत असताना तिचा अंगठा कुणाला घेऊ देऊ नकोस. ती शुद्धीवर आली की डॉक्टरांसमोर तिलाच विचार. एवढं माझ्यासाठी कर.

मी हे सगळ्यांसमोर बोलले म्हणून दुपारी माझं ओळखपत्र काढून घेतलं. सामान घ्या आणि घरी जा, म्हणाले. मी गेले नाही. मीटर तेवढा माझ्याकडे राहिला आहे. गुड्यातल्या लोकांना घेऊन वरच्या शाळेत आले आहे. तिथेच बसून लिहिते आहे.

उद्या तहसीलला जाणार होते. पण शाळेसमोरच्या बोरिंगचं पाणी मघापासून फेसाळतंय, आणि मीटर तिथेही वाजला. रिग चालूच आहे, त्याची घरघर इथवर येते. खालच्या दुसऱ्या वस्तीत अजून माणसं आहेत. दिवस मावळायला आला, आता घरोघरी चुली पेटतील. मी एकेका दारात जाते आहे. ऐकतील की नाही, माहीत नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. मी आल्यावर सांगेन.

तुझीच,
रिना