गाठी मारून ठेवलेले इंजेक्टर

मारुंजी

प्रिय आत्याबाई,

नमस्कार. फोनवर तुम्ही ‘समदं बरं हाय’ म्हणता आणि मागे कुणी आलं की घाईने ठेवता. म्हणून लिहायला बसले. हे एकट्याच, निवांत वाचा.

गॅरेज नीट चाललंय. आज एका डिझेल गाडीचे इंजेक्टर काढले. टोकांवर काजळी धरली होती. काढला की तोंडाला टोपी, अंगावर सिलिंडरचा नंबर, मग झाकणाच्या डब्यात. हात आता सवयीने चालतात. पण हे करताना तुम्ही आठवला नाहीत असा दिवस जात नाही.

रोहित अपघातात गेले तेव्हा गॅरेजात एका भाड्याच्या गाडीचं इंजिन उघडं पडलं होतं. चारही इंजेक्टर त्यांनी ओळीने फडक्यावर ठेवले होते. घर माणसांनी भरलेलं, मला कशाचीच शुद्ध नव्हती. तुम्ही गॅरेजात गेलात, हात धुऊन पुसलेत आणि लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तशी एकेकाच्या तोंडांना कोरी पिशवी बांधलीत. कोणता कुठला ते चुकू नये म्हणून पहिल्याच्या दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्याच्या दोन, अशा पुढे. ‘आत धूळ गेली की वाया जातंय, रोहित सांगायचा. त्याचं काम उघडं पडू द्यायचं न्हाई.’ पोटचा मुलगा गेलेल्या बाईला हे कसं सुचलं, मला अजून उमगत नाही.

पुढे अमोलभावजींनी हत्यारं विकायला गिऱ्हाईक आणलं, तर तुम्ही दारात उभ्या राहिलात. ‘इकायचं न्हाई. गौतमी शिकंल.’ मला तेव्हा पान्याचे नंबरही कळत नव्हते. दुःखात काहीतरी बोलताय, असंच वाटलं.

शिकायला लागल्यावर मी ते इंजेक्टर डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात नेले. तिथल्या मनीषदादांनी त्या पिशव्या सोडल्या आणि कुणी बांधल्या म्हणून विचारलं. आत कणभर कचरा नव्हता. त्यांनी ते यंत्रात धुतले, मग डिझेलचा फवारा तपासून दाखवला. चारही सारखे, धुक्यासारखे बारीक. नवीन वायसर घालून मी ते ज्याच्या त्याच्या जागी बसवले; दादा नुसते शेजारी उभे राहिले. गाडी सुरू झाली आणि मी तिथेच खाली बसून रडले. रोहित गेल्यावर पहिल्यांदाच मोकळं रडले. तुम्ही पाठीवर हात ठेवून म्हणालात, ‘रड, मग जेव.’ त्या दिवसापासून मी माझ्या हातच्या कमाईचं खाते आहे.

काल अमोलभावजींचा फोन आला. मुठा गावातलं घर आणि जमीन शेतघरं बांधणाऱ्याला विकली, ते शहरात फ्लॅटवर चाललेत, तिथे तुमची सोय व्हायची नाही, म्हणून वृद्धाश्रम बघतायत. तुम्ही ‘चालंल’ म्हणालात म्हणे. मला चालणार नाही. गॅरेजवरच्या खोलीत खिडकीशी तुमची कॉट लावली आहे. लोक मला माहेरी पाठवायला निघाले होते तेव्हा तुम्ही मला ठेवून घेतलंत; आता मी तुम्हाला न्यायला येते आहे. रविवारी सकाळी गाडी घेऊन येते. लुगडी आणि देव तेवढे घ्या. नको म्हणायचं असेल, तर गाडीत बसल्यावर म्हणा.

तुमचीच लेक,
गौतमी