दोन रेघा, एक ठिपका

मी, अंगद लिंबाजी पोले, वय २५, शिक्षण आठवी, राहणार साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र डाव्या हाताने लिहीत आहे. उजवा हात मनगटापासून नाही. डोके ठिकाणावर आहे, नशापाणी करत नाही, आणि मला कोणी लिहायला बसवलेले नाही. उलट घरचे सगळे नको म्हणत आहेत. सोमवारी, २७ तारखेला, नांदेडला याच मनगटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात. पण भूल द्यायची आहे, आणि कागदावर नसलेली गोष्ट मागून कोणी मानत नाही, हे मी एकदा पाहिले आहे.

कलम १. माझ्या नावावरची पुढची खोली आणि भरपाईची बँकेतली ठेव पत्नी अंजली हिची. त्यातून आधी माझ्या आईच्या, चांगुणाबाईच्या, डोळ्याचे ऑपरेशन करावे. आई 'पुढल्या साली बघू' म्हणेल. तिचे ऐकू नये.

कलम २. सात शेळ्या माझे वडील लिंबाजी, म्हणजे आबा, यांच्याकडे राहतील. काळी शेळी डाव्या अंगाने धार काढू देत नाही. हे आबांना माहीत आहे, पण लिहिलेले बरे.

कलम ३. माझ्याजवळ हातमोज्यांची एक जोडी आहे. डावा वापरलेला, उजवा कोरा. कोरा मोजा हळदीच्या कारखान्यातल्या मुकादमाला द्यावा. यंत्राजवळ काम करायला मोजे मागितले तेव्हा तो म्हणाला होता, "हळदीला काहून मोजे? लग्नात तर अंगभर लावतेत." सगळे हसले, मीही हसलो. त्याच्यावर आता राग नाही. मोजा मात्र द्यावा.

कलम ४. हे कलम माझा मित्र देवला राठोड याच्याविषयी आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचे आहे.

त्या कारखान्यात देवला आणि मी शेजारी बसून हळदीची पोती शिवायचो. मजुरी पोत्यामागे होती. आपली पोती ओळखू यावीत म्हणून मी प्रत्येक पोत्यावर गेरूने दोन रेघा आणि खाली एक ठिपका काढायचो. आमच्या मेंढरांच्या पाठीवर पिढ्यान् पिढ्या हीच खूण आहे. देवलानेही तीच काढायला घेतली. मी त्याला अडवले. "ही आमच्या घरची खूण हाय. दुसऱ्याच्या कळपाला लागत न्हाई. तू तुही काढ." तो म्हणाला, "बरं गड्या, तुहे मेंढरं तुला," आणि खडूने भिंतीवर मोजू लागला.

पुढे यंत्राच्या पट्ट्यात माझा हात गेला. मला ओढायला देवला धावला आणि पोत्यांची थप्पी त्याच्या पायावर कोसळली. तो पाय अजून टेकत नाही. हजेरीपटावर आम्हा दोघांची नावे नव्हती. मालक म्हणाले, हे आमचे कामगार नाहीत.

हिंगोलीला मोफत वकील मिळतो असे कळले. ॲडव्होकेट नीलांबरी पाठक मिळाल्या. मी त्यांना ताई म्हणतो. त्यांनी विचारले, "तू तिथे काम करत होतास, याचा काही पुरावा?" मी नाही म्हणालो. मग बोलता बोलता पोती रंगवतो म्हणून मुकादम रागावल्याचे सांगितले. ताईंनी लिहिणे थांबवून विचारले, "कशाने रंगवायचास?" दुसऱ्या दिवशी ताई कारखान्याची हळद घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊन खुणेच्या पोत्यांचे फोटो घेऊन आल्या.

कोर्टाच्या तारखेला आबा ऑटोत पाठीवर खूण असलेली मेंढी घालून आले. फाटकावरच्या पोलिसाने अडवले, "म्हातारबा, मेंढी आत न्हाई जात."

"साक्षीदार हाय ती."

"मंग तिचं नाव सांगा, पुकारा करतो."

मेंढी फाटकाबाहेरच राहिली. आत ताईंनी पोत्याचा फोटो मुकादमापुढे धरून खूण कोणाची म्हणून विचारले. तो बोलून गेला, "त्या धनगराच्या पोराची, दुसऱ्या कोनाची?" मला भरपाई मिळाली.

देवलाचा दावा मात्र अडकला. मालक म्हणतात, तो मित्राला भेटायला आला होता. त्याच्या पोत्यांवर काही नाही, आणि भिंतीला अपघातानंतर चुना मारला आहे. मी त्या दिवशी अडवले नसते तर त्याचीही पोती बोलली असती. हे मी दोन वर्षे मनात धरून आहे. त्याने एकदाही तो विषय काढला नाही.

११ फेब्रुवारीला त्याच्या दाव्यात माझी साक्ष आहे. दुसरा साक्षीदार नाही. म्हणून लिहून ठेवतो: देवला तिथे माझ्याआधी चार महिने कामाला होता, आणि पोती शिवायला मला त्यानेच शिकवले. ताई म्हणाल्या, "अरे, साक्ष मृत्युपत्रात नसते. प्रतिज्ञापत्र कर. आणि उलटतपासणीला तू स्वतः उभा राहिलास तरच त्याला वजन." प्रतिज्ञापत्र काल केले. उभे राहण्यासाठी भुलीतून उठणे भाग आहे, आणि तसा माझा इरादा पक्का आहे.

कलम ५. आमच्या घरची खूण मी देवलाला देतो. आबांना विचारले. ते म्हणाले, "खूण वाटल्यानं कळप कमी होत न्हाई. हे तुला तवाच कळाया पायजे होतं." बराबर आहे.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे ऐकले होते, म्हणून देवलाची सही घ्यायला घाबरत होतो. ताई हसून म्हणाल्या, "खूण म्हणजे घर की शेत? होऊ दे त्याला साक्षीदार." देवला म्हणाला, "आधी परत ये. मंग दे काय द्यायचं ते." मी म्हणालो, आजच घे.

वरील मजकूर सहा दिवसांत लिहिला, तीनदा वाचला. खाडाखोड एकही नाही.

ठिकाण: साखरा. दिनांक: २२ जानेवारी २०२५.

सही: अंगद लिंबाजी पोले (डाव्या हाताची)

साक्षीदार १: भीमसिंग चव्हाण, निवृत्त सैनिक, साखरा. सही.

साक्षीदार २: देवला राठोड, साखरा. डाव्या अंगठ्याचा ठसा. ठशाशेजारी गेरूने दोन रेघा आणि एक ठिपका, त्याने स्वतःच्या हाताने काढलेला.