गडहिंग्लजची म्हैस

आबा, सकाळपासून कुठं बूड टेकत नाही. दोनदा चहा केला, दोनदा गार करून ओतून दिला. काल जेवताना सून म्हणाली, "आई, आता तब्येत सुधारलीय की तुमची. त्या गोळ्या कशाला रोज रोज? बंद करा की." मायेनंच म्हणाली पोरगी. पण तेव्हापासून काकांची ती गडहिंग्लजची म्हैस माझ्या डोक्यात येऊन उभी आहे. हसू नका. आजची गोळी समोर ठेवून बसलेय, घ्यायची का नाही ते ठरत नाही, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे बोलायला दुसरं कुणी सुचत नाही.

तुम्ही शिरोलीला फौंड्रीत, वाळूचे साचे करायला. त्या कामात तुमचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि एका सकाळी सायकल बाहेर काढलीत आणि तिला धरून नुसते उभे राहिलात. आई म्हणाली, "भोंगा व्हईल की आता." तुम्ही सायकल परत भिंतीला लावलीत. मग जेवण गेलं, झोप गेली, बोलणं तर गेलंच. मी शाळेतून येते तर तुम्ही खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. मंगळवार पेठेत असली गोष्ट झाकून राहते होय! कुणी म्हणे आळस भरलाय, कुणी म्हणे बाहेरचं आहे, लिंबू उतरून टाका. तुमच्या खात्यातला एक जण तर तोंडावर म्हणाला, "मर्दासारका मर्द तू, आन बाईगत मनाला लावून घ्यायलास?" जसं काही ते दुखणं तुम्ही बाजारातून हौसेनं आणलं होतं. मेल्याचा राग मला अजून येतो.

थोरल्या काकांनी मात्र तोंडाची वाफ दवडली नाही, सरळ गडहिंग्लजहून म्हैस आणून बोळात बांधली. "अंगात ताकद न्हाई म्हणून डोस्कं चालंना त्येचं. धारोष्ण दूध पाजा, म्हैन्याभरात उठतोय का न्हाई बघा!" त्याच आठवड्यात आईनं तुम्हाला गुपचूप मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं, मला संगट घेऊन. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, हा आजार आहे, नाटक नव्हे. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतील, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. परतताना एस.टी.त आईनं मला दम भरला, "कुणी इचारलं तर शक्तीच्या गोळ्या म्हणायचं. येड्याच्या डाक्टरकडं गेलतो म्हणून कळलं तर तुला कोण पदरात घेणार न्हाई."

गोळ्यांनी तुमचं तोंड कोरडं पडायचं. "फौंड्रीतली वाळू भरल्यागत हुतंय," म्हणायचात आणि तांब्या तोंडाला लावायचात. मग एका दुपारी जेवताना म्हणालात, "आमटीला मीठ कमी हाय." आई आत जाऊन रडली हो! तुम्ही कामावर जायला लागलात आणि सगळं श्रेय म्हशीला. बायका पोरांसाठी दूध मागायला तांबे घेऊन दारात. आईलाही ते बरंच होतं, मिरजेचं नाव निघत नव्हतं. काका आले ते मिशीला पीळ देतच. "उठिवला का न्हाई माझ्या म्हशीनं? आता ह्या गोळ्या कशाला?" आई पदर सावरत म्हणाली, "शक्तीच्या हाईत, असूं देत." काका म्हणाले, "मग शक्ती आली की!" गोळ्यांची बाटली तुम्हीच उचलून माळ्यावर टाकलीत. तुम्हालाही म्हशीनंच बरं व्हायचं होतं ना, आबा? कुणाला नको वाटेल!

पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. पण मला सांगू दे, नाहीतर मी उठून परत चहा करायला जाईन. पहिल्यापेक्षा वाईट झालं. एकदा भरदुपारी घरातून निघून गेलात आणि सापडलात पंचगंगेच्या घाटावर, शेवटच्या पायरीवर, पाय पाण्यात. "कशाला आलाईसा," एवढंच म्हणालात. आणि काका दारात उभे राहून म्हणतात काय, "हिचं दूध पातळ हाय, दुसरी म्हस आणतो!"

थोरल्या दिरापुढं कधी मान वर न केलेली आई बोळात येऊन उभी राहिली. सगळ्या बायका बघत होत्या. "भावजी, तुमची म्हस घिऊन जावा. शक्तीच्या न्हवत्या त्या गोळ्या. मनाच्या दुखण्याच्या हाईत, आन डाक्टर बास म्हणंपतोर मी त्या देणार. ज्याला जे म्हणायचं त्येनं म्हणावं." तुम्ही उंबऱ्यात होता, खाली बघत. मग मला म्हणालात, "जा, पाणी आण." माळ्यावरची बाटली मीच काढून दिली. त्यानंतर तुम्ही पुष्कळ जगलात, भांडलात, माझ्या लग्नात पंगतीत वाढलंत. हो, लग्न झालं माझं, कुणाचं काही अडलं नाही.

हे कागद कुठं पाठवणार, डब्याखाली सारून ठेवीन. सून आत दूध तापवतेय. तिला हाक मारायची आणि एक वाक्य बोलायचं, बास. ते मघापासून जमत नाही. पोरीची काही चूक नाही, आबा. तिला मीच सांगितलंय, शक्तीच्या गोळ्या आहेत म्हणून.