सूचनेची चौकट

६ जानेवारी, सोमवार

टेबल मिळालं. खिडकीतून आमचं प्रेस शॉप दिसतं. आवाज येत नाही, पायाखालची जमीन तेवढी हादरते. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेली, त्याला चार महिने झाले. आता ऑफिसात — लाइट ड्यूटी.

काम असं. प्रेस चालवायचे प्रोग्राम आमच्याच कंपनीतली पोरं लिहितात. त्यासाठी तयार तुकड्यांची, म्हणजे फंक्शनांची, एक लायब्ररी आहे, आणि तिचं भलंमोठं मॅन्युअल, कॉम्प्युटरवरच वाचायचं. त्यात टॅग, म्हणजे मजकूर कसा दिसावा ते ठरवणाऱ्या खुणा, चुकलेत. कुठे उघडलाय तो बंदच केलेला नाही, त्यामुळे अर्धं पान ठळक, तक्ता पानाबाहेर. एकूण ३१२ चुका. मिनल मॅडम आमच्या साहेब. म्हणाल्या, "मजकुराला हात लावायचा नाही, गणराज. फक्त टॅग." बरं म्हटलं. मजकूर मला कुठे एवढा कळतोय!

७ जानेवारी

एकोणीस झाल्या. डाव्या हाताने.

८ जानेवारी

सदतीस. कँटीनमध्ये भीमराज भेटला. शेजारच्या प्रेसवरचा. त्या दिवशी यानेच मला उचलून गाडीत घातलं. "मजा हाय बाबा तुझी, एसीत बसतोस." मी हसलो. मग दोघं खाली मान घालून जेवलो.

९ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. वर्षालीबरोबर डांगे चौकात, संक्रांतीचा बाजार. "अहो, धरा की पिशवी," म्हणत तिने सवयीने उजव्या हातात दिली. पडली. तीळ सांडले. तिने गोळा केले. मी पिशवी डाव्या हातात घेतली. वाईट वाटायला हवं होतं. हल्ली काहीच वाटत नाही.

१० जानेवारी

एक पान फारच आखूड दिसत होतं. मागचा कच्चा मजकूर उघडला. वर कोणीतरी स्वतःपुरती नोंद लिहिलेली — वाचणाऱ्याला दिसू नये अशा खुणेत. ती खूण बंद करायची राहिली. म्हणून खालची सूचनेची अख्खी चौकट पानावरून गायब. चौकटीत लिहिलंय — 'एक बटण आधीपासून दाबलेलं असेल तर हे फंक्शन ते ओळखत नाही. प्रेस दुसऱ्या एकट्या बटणावर चालेल. वेगळी तपासणी लावावी.'

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. हे त्याच बटणांचं पान.

माझ्या प्रेसचा प्रोग्राम अजिंक्यने लिहिलेला. चौकशीत मी सांगितलं होतं — माल काढायला हात घातला आणि प्रेस आपोआप दुसऱ्यांदा आली. दोष प्रोग्रामवर गेला. अजिंक्यला काढलं. ही सूचना त्याला दिसलीच नसणार.

खूण बंद केली नाही. तशीच ठेवून घरी आलो.

११ जानेवारी

मॅडमना पान दाखवलं. बराच वेळ वाचत होत्या. "बंद करून टाक. तीनशेतली एक." मग हळूच, "चौकशी संपली, गणराज. हे उकरलंस तर प्रश्न तुलाच विचारतील." दिवसभर दुसऱ्याच चुका दुरुस्त केल्या. चव्वेचाळीस! एवढ्या एका दिवसात कधी झाल्या नव्हत्या.

१३ जानेवारी

अजिंक्यला फोन केला. आकुर्डीत क्लासवर शिकवतो. "कंपनीत कोणी घेईना राव. आधीची का सोडली विचारतात." रागावेल वाटलं होतं. तर म्हणतो, "गणराजभाऊ, हात कसाय? मी रोज तो प्रोग्राम डोक्यात चालवून बघतो. प्रेस आपोआप कशी आली तेच सापडत नाही. पण माझ्याच हातून चुकलं असणार ना काहीतरी."

मी विचारलं, चहा झाला का. फोन ठेवला. लाज वाटली. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

भीमराज तिळगूळ घेऊन थेरगावला घरी आला. जिन्यात त्याला मॅन्युअलचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "झालं ते झालं, भावा. तुलाबी लेकरंबाळं हायती, मलाबी." वर्षाली वरून चहाला हाका मारत होती. प्यायला नाही तो, गेला.

१५ जानेवारी

बटणावर चिकटपट्टी मीच लावली होती. एक बटण पट्टीने दाबून ठेवलं की एक हात मोकळा राहतो, माल भराभर निघतो. सगळेच लावतात. उजवा हात आत असताना दुसरं बटण मीच दाबलं, डाव्या हाताने. प्रेस आपोआप आली नव्हती. आमच्या शॉपमध्ये अपघात झाला की आधी पट्टी निघते, मग माणूस. भीमराजनेही तसंच केलं.

आज हे सगळं चौकशीच्या साहेबांना लिहून पाठवलं. अजिंक्यलाही. पट्टी कोणी काढली ते नाही लिहिलं.