सुंदराबाईंच्या घराची पाळी

शनिवार, १३ सप्टेंबर

पाळकसाहेबांनी आज आमचा वर्ग ऐकला! न सांगता आले आणि चर्चच्या हॉलच्या दारातच थांबले. आत पाचही जणी एका सुरात स्तोत्र वाचत होत्या. बोटं ओळीखालून सरकत होती. सुंदराबाईंचा आवाज नेहमीसारखा सगळ्यांच्या वर. जूनमध्ये वर्ग सुरू झाला तेव्हा ह्यांतल्या कुणालाच 'क' आणि 'फ' वेगळे दिसत नव्हते.

"राजसीताई, तीन महिन्यांत एवढं? उद्या उपासनेत सांगणार मी."

मी दोनदा नको म्हणाले. मनातून हवं होतं. तेही इथे लिहून ठेवते.

रविवार, १४ सप्टेंबर

सांगितलं. टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत राहिले — हे नम्रपणाचं होतं की नुसतं दिसायला, कोण जाणे.

पण खरी गोष्ट नंतर घडली. बाहेर सगळे चहा घेत होते. सुंदराबाई सरळ सेक्रेटरी उजागरेकाकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सलाम, सेक्रेटरीसाहेब. आता आमची पाळी कधी?"

"कसली पाळी?"

"शास्त्रपाठाची. आमचे मालक गेले तवापासनं तुम्ही आमचं घर सोडून पुढं जाता."

काकांनी चष्मा काढून पुसला. "बाई, पाळी माणसाची नसते, घराची असते. तुमच्या घरातून वाचणार कोण? तुमच्या बाळला रविवारी कंपनी सुटत नाही."

"मी वाचनार. टाळ्या काय उगाच वाजवल्या का?"

आजूबाजूचे हसले. काकाही हसले, आणि अडकले! आगमनकाळाचा चौथा रविवार, म्हणजे नाताळच्या आधीचा, द्यायचं कबूल करून बसले.

खरं आहे सुंदराबाईंचं. रविवारचा शास्त्रपाठ, म्हणजे उपासनेतलं बायबलवाचन, आमच्या मंडळीत घराघराच्या क्रमानं असतो. त्यांचे यजमान महिपतीकाका होते तेव्हा त्यांच्या घरची पाळी आली की मुलंसुद्धा गप्प बसायची, असं वाचायचे. ते गेले आणि घर गळलं. कुणी ठरवून गाळलं असं नाही, पण परत घ्यायचं कुणाला सुचलंही नाही. मलाही नाही.

सुंदराबाईंच्या सुनेनं, भारतीनं, त्यांना हात धरून रिक्षात बसवलं. बारवी धरणाकडच्या पाड्यावरची ही मुलगी, त्यांच्या मुलानं, बाळनं, स्वतःच्या पसंतीनं केलेली. बाप्तिस्मा घेतलेला नाही. पण उपासनेला दर रविवारी सासूबरोबर हजर, शेवटच्या बाकावर. शनिवारी वर्ग सुटेपर्यंत हॉलच्या पायरीवर बसून असते.

शनिवार, २० सप्टेंबर

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दर आठवड्याला मी एक स्तोत्र मोठ्या अक्षरांत टाइप करून झेरॉक्स आणते. आज तेविसावं घ्यायचं होतं — मेंढपाळाचं. कागद वाटले. "चला, सुरू करा," म्हटलं. पाचही जणींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एकही चूक नाही! गयाबाईंचे तर डोळे भरून आले. मी पण त्यांच्याबरोबर म्हणत होते.

वर्ग सुटल्यावर कागद गोळा केले. सहज एक वाचला. डोंगरांचं स्तोत्र. एकशे एकविसावं! पुढच्या आठवड्याची झेरॉक्स मी आज नेली होती.

कागदावर एक, तोंडात दुसरं. बोटं मात्र ओळीखालून नीट सरकत होती.

आणि मी? मीही कागदाकडे पाहिलं नव्हतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर इतके हसले की डाळ करपली. मलाही हसू आलं. मग येईना. ज्या बायका पन्नास पन्नास वर्षं हेच ऐकत आल्या, त्यांच्यापुढे मी वाचायला तेच ठेवलं. डोक्यात आलंच कसं नाही? एम. ए. झालेलं डोकं!

रविवार, २१ सप्टेंबर

पाळकसाहेबांना गाठून सगळं सांगितलं. "स्तोत्र तर म्हटलं ना?" म्हणाले. "चौथ्या रविवारी यशया संदेष्ट्याचा नेहमीचाच पाठ असतो. सुंदराबाईंना तो झोपेतही येईल. पुस्तक हातात धरतील, म्हणतील. म्हातारीचा मान राहील. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. पण मग वर्ग कशासाठी?

बुधवार, २४ सप्टेंबर

सांगावं तर त्यांचा मान जातो, न सांगावं तर माझा राहतो. म्हणूनच गप्प बसवत नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

वर्गानंतर सुंदराबाईंना थांबवलं. शब्द जमवत जमवत सांगितलं — मावशी, तुम्ही वाचत नाही. तुम्हाला पाठ आहे, ते म्हणता.

मला वाटलं होतं रडतील, नाहीतर रागावतील.

"म्हंजे काय? पाठच हाय ना!" म्हणाल्या. "वाचनं आनखी काय असतं? आमचे मालक तर डोळे मिटून वाचायचे. पाळकसाहेब प्रभुभोजनाला पुस्तक हातात धरतात आनि बघतात पंख्याकडं. मला वाटलं, पुस्तक मानासाठी धरायचं."

पाळकसाहेब खरंच पंख्याकडे बघतात.

"मग अक्षरं? अक्षरं येतात का?"

"अर्धीमुर्धी. जोडाक्षर आलं की मी सरळ पुढं जाते. काय येनार ते म्हाईतच असतं."

मग मी पाळकसाहेबांचं म्हणणंही त्यांच्यापुढे ठेवलं. चौथ्या रविवारी पाठ म्हटलंत तरी चालेल, कुणाला कळणार नाही. निर्णय तुमचा. त्या पायरीकडे बघत होत्या.

"आनि त्याच्या पुढल्या पाळीला जे येत नाय ते आलं तर? परत आमचं घर गळनार. नको बाई. मला खरं शिकवा."

रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी अकारण हसत होते.

शनिवार, ४ ऑक्टोबर

आजपासून वर्गात शास्त्र बंद. सुंदराबाईंना आधी पटेना. "देवाचं वचन सोडून आता दुकानाच्या पाट्या वाचायच्या का?" — हो, तेच! जे पाठ नाही ते वाचायचं. रेशन दुकानाची नोटीस, औषधाचं पाकीट, रिक्षाच्या मागचं. गयाबाईंनी 'अंतर ठेवा' वाचलं आणि भारतीला म्हणाल्या, "तुझ्या सासूच्या पाठीवर लिव्हायला पायजे." सगळ्या हसल्या, सुंदराबाई सर्वांत जास्त. भारती पायरीवर बसून हसली.

एकेका शब्दाला पाच पाच मिनिटं लागली. फार वाईट वाचलं सगळ्यांनी. खरं वाचलं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सुंदराबाईंची आजची हकिकत त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखी. उल्हासनगरला, कॅम्प चारला राहतात. तिथल्या एका सिंधी कापडवाल्याकडे वर्षानुवर्षं जातात. दिवाळीची गर्दी. ह्यांचं लक्ष गल्ल्यावरच्या पाटीकडे गेलं. उभ्या राहून वाचायला लागल्या. मागचं गिऱ्हाईक ओरडतंय, ह्या वाचताहेत. ए — क — च — भा — व!

"म्या म्हनलं, शेठ, ही पाटी कधी लावली? तर म्हनतो, अम्मा, दुकान खोला तबसे है. आनि म्या इतकी वर्षं भाव करते त्याच्याशी! म्हनलं, मग मला कमी का करून देत होतास? म्हनतो, वो बाकी लोगों के लिए लिखा है, तुम कौनसा पढ़ती थी!"

"मग आता?"

"आता वाचलं ना. तरी भाव केला. दिला त्यानं."

रविवार, २ नोव्हेंबर

थकवा. दोघी जणी वर्ग सोडून गेल्या — 'पाट्या वाचायला चर्चमध्ये कशाला यायचं?' त्यांचंही खरं असेल. रात्री नीट झोप लागली तरीही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पाळकसाहेबांनी एकवीस डिसेंबरसाठी दोन पाठ सांगितले, हवा तो घ्या म्हणाले. एक यशयाचा नेहमीचा. दुसरा मत्तयाचा पहिला अध्याय, येशूची वंशावळ — नावांमागून नावं, एरवी सगळे हळूच टाळतात तो. मी दोन्ही सुंदराबाईंपुढे ठेवले. खुणेनंही काही सुचवायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. (तोंडावर दिसलं असेल का? शक्य आहे.)

"ह्यातलं मला कोनचं पाठ नाय?"

मी बोट ठेवलं.

"बापरे, नुसती नावं! द्या तेच."

शनिवार, २९ नोव्हेंबर

नावांशी झटापट. अम्मीनादाबपाशी सुंदराबाई दर वेळी बसकण मारतात. "ह्याच्या आईनं हाक कशी मारली असंल?" गयाबाईंनी सुचवलं, "अमू!"

मग त्या एकदम थांबल्या. "एवढे सगळे बाप, आनि आया इतक्याच?" बोट एका नावावर होतं. अक्षरं लावली. रू — थ. ही गोष्ट त्यांना ठाऊक आहे, उभी पाठ आहे. "ही तर मवाबातली. परकी. सासूचा हात धरून आली ती. हिला घेतलं व्हय ह्यांच्यात?" आणि दाराबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, उशीर झाला, भारती खोळंबली असेल. मी वर्ग आवरता घेतला.

रविवार, १४ डिसेंबर

उजागरेकाकांनी माईकवरून जाहीर केलं: "पुढच्या रविवारचा शास्त्रपाठ, कैलासवासी — माफ करा — प्रभूमध्ये निद्रिस्त महिपतीरावांच्या घरून." इतक्या वर्षांनी ते नाव घेताना काकांचीच जीभ अडखळली!

शनिवार, २० डिसेंबर

सुंदराबाई शांत आहेत. मी नाही. मी त्यांना वाचायला शिकवलं की चारचौघांत पडायला?

रविवार, २१ डिसेंबर

चर्च भरलेलं. ख्रिसमसचे तारे लटकलेले. बाळनं कंपनीत कुणाशी तरी ड्यूटी बदलून घेतली होती. नवा शर्ट घालून भारतीच्या शेजारी, शेवटच्या बाकावर. सुंदराबाई पांढऱ्या लुगड्यात पुढे गेल्या. पुस्तक उघडलं. बोट ठेवलं.

फार वाईट वाचलं! असं वाईट वाचन ह्या चर्चमध्ये कुणी ऐकलं नसेल. एक नाव, मग शांतता. मग अर्धं नाव. मागे एक मूल रडायला लागलं. तरुण मुलं एकमेकांकडे बघू लागली. स्तोत्रं खणखणीत म्हणणारी बाई ही नव्हेच, असं लोकांना वाटत असणार. पहिल्या बाकावरून उजागरेकाकांनी हळूच पुढचं नाव पुरवलं.

सुंदराबाईंनी बोट तिथंच दाबून धरलं. मान वर केली नाही. "थांबा. वाचतेय मी."

हशा पिकला — पण प्रेमाचा. आणि त्यानंतर कुणी हललं नाही. सगळे ऐकायला लागले. मीही ऐकलं. हा अध्याय मी लहानपणापासून धरलं तर कित्येकदा वाचलाय, आणि ती माणसं एकामागून एक खरंच जन्माला आली असतील हे आज पहिल्यांदा जाणवलं. अम्मीनादाब एका दमात आला! गयाबाई मोठ्यांदा "आमेन" म्हणाल्या, भलत्याच जागी. रूथचं नाव आलं तेव्हा सुंदराबाईंनी पुस्तकावरून डोळे काढले — त्या एकदाच — आणि मागे, शेवटच्या बाकापर्यंत पाहिलं. आपली जागा सापडायला मग त्यांना वेळ लागला.

शेवटचं नाव वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं नाही. तसंच उघडं ठेवून खाली आल्या.

पाळकसाहेबांनी मला हात जोडले. मी काहीच केलं नव्हतं, चुकीची झेरॉक्स तेवढी आणली होती. पण आज ते म्हणत बसले नाही. जेवण झाल्यावर मस्त झोपले.

शनिवार, २७ डिसेंबर

सुंदराबाई आज वर्गात आल्या, पण बसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढल्या पाळीला आमच्या घरातून भारती वाचंल. सेक्रेटरीला सांगून आले. बाप्तिस्मा नाय म्हनत होता. म्हनलं, पाळी घराची असते, तुम्हीच बोलला. ती काय घरातली नाय?"

भारती! बारावी झालेली. घरात रोज पेपर वाचून दाखवते सासूला — हेही आज कळलं. म्हणजे पहिल्या दिवशीच भारतीचं नाव सांगता आलं असतं. मी विचारलं, मग मावशी, तुम्ही एवढी अक्षरं लावलीत कशाला?

"परकी म्हनून तिला पयल्यांदा कोन उभं करनार होतं? आमच्याकडं पाळीच नव्हती, तर तिला काय देऊ?"

मी पायरीकडे पाहिलं. पायरी रिकामी होती. भारती आत, पहिल्या बाकावर बसली होती.