दुसऱ्यांदा लावलेला अंगठा

प्रिय संगमेश,

आईला तुझ्या दुकानात आणलं होतं तो दिवस आठवतो? ती मंगळवेढ्याहून नवं सिम घ्यायला आली होती. नवी पेठेत दुकानं काय कमी होती? पण आपलं लग्न ठरणार असं मी धरूनच चालले होते, म्हणून तुझ्याकडंच आणलं. तू तिला पंख्याखाली बसवलंस, चहा मागवलास, 'मावशी, जरा हसा की,' म्हणत फोटो काढलास. मग म्हणालास, 'अंगठा नीट उमटला न्हाय, परत एकदा लावा.' खुरपून खुरपून तिच्या बोटांच्या रेघा पुसट झाल्यात, तिलाच ओशाळल्यासारखं झालं. पदराला अंगठा पुसून तिनं पुन्हा लावला. स्टँडवर मला म्हणाली, 'पोरगं लई गुणाचं हाय.'

चार महिन्यांनी तिच्या दारात पोलीस आले. आईच्या, म्हणजे चिमाबाईच्या, नावावरच्या दुसऱ्याच एका सिमवरून कुणीतरी बँकेचा साहेब बनून कुर्डुवाडीच्या एका म्हाताऱ्या मास्तरांना फसवलं होतं. दिवसभर आई ठाण्याच्या बाकावर बसून होती. 'मला फोन लावायलासुदिक येत न्हाय ओ साहेब,' एवढंच सांगत राहिली. त्यांनी सिमचा अर्ज पुढं केला. त्यावर तिचाच हसरा फोटो. तेव्हापासून ती बाजाराला जात नाही.

मी तुझ्याशी भांडले नाही. गोडच बोलत राहिले. माझ्या घरमालकीण जमीलाचाचींना सगळं सांगितलं आणि त्यांनाच तुझ्याकडं सिमला पाठवलं. त्यांनाही तू दोनदा अंगठा लावायला लावलास. पहिला त्यांच्या सिमसाठी, दुसरा तुझ्या चोरट्या गिऱ्हाइकासाठी. आठवड्याभरात त्यांच्या नावावर आणखी एक नंबर निघाला. तो पुरावा घेऊन आम्ही दोघी पोलिसांत गेलो. आज सकाळी तुला उचललं तेव्हा मी समोरच्या बांगड्यांच्या दुकानात उभी होते. मला बघायचंच होतं.

आता तुझ्याच घरी बसून हे लिहितेय. तुझ्या आई पार्वतम्मा सारखं विचारत होत्या, माझ्या लेकानं असं केलं तरी काय? शेजारी त्यांना धीर देत होते, काहीतरी चूक झाली असेल म्हणून. पार्वतम्मांना मराठी वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक ओळ लिहून झाली की मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतेय. मघाशी त्या तुझ्यासाठी डबा भरत होत्या. आता थांबल्यात. तुला भेटायलाही त्या येणार होत्या, संगमेश. आता फक्त हे पत्र येईल.

एके काळची तुझीच,
दिपाली