अर्ध्या ट्रकातला संसार

३ मे, मंगळवार

खोकी आली! सपाट घडी केलेली, गठ्ठ्याने बांधलेली. जिन्यातून वर आणताना गठ्ठा दोनदा माझ्याच अंगावर आला. बायकोचा फोन — 'अरे, एका माणसाचं काम आहे. शांतपणे कर, होऊन जाईल.' हे ती देशाच्या दुसऱ्या टोकावरून सांगते, नव्या ऑफिसातल्या नव्या खुर्चीत बसून. बढती तिची, बदली तिची, चिकटपट्टी माझी. कारखाना बंद पडल्यापासून मी घरी रिकामाच असतो, असं एक सर्वमान्य मत आहे.

आणि एका माणसाचं काम कसलं? घरात सासूबाई आहेत.

४ मे, बुधवार

स्वयंपाकघरापासून श्रीगणेशा. काचेच्या बशा एकावर एक रचल्या, मध्ये वर्तमानपत्र. सासूबाई दारात येऊन उभ्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, निवृत्त होईपर्यंत. अजूनही मोजकंच बोलतात — जणू पलीकडे दुसरं कुणीतरी लाइनवर ताटकळतंय.

'बशा उभ्या ठेवतात, जावईबापू.'

एवढंच. लाइन कट.

मी म्हटलं, 'आई, तेवढं कळतं मला.' आणि रुबाबात खोकं उचललं. आतून आवाज आला. तीन बशा गेल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांची न बोलण्याची एक पद्धत आहे, त्यापेक्षा बोललेलं परवडतं!

५ मे, गुरुवार

बशा उभ्या ठेवल्या.

७ मे, शनिवार

हॉलमध्ये आमचा ढीग, सासूबाईंच्या खोलीत त्यांचा. ढीग दोन, कारण पत्ते दोन. नव्या गावी आम्हाला दोनच खोल्या मिळाल्यात. बायकोने जायच्या आधी सांगितलं होतं, 'आईचं दादाकडे ठरलंय.' दादा म्हणजे माझा मेहुणा. इथेच, गावाच्या दुसऱ्या बाजूला राहतो, चार खोल्यांत. ठरलंय म्हटल्यावर मी काही शोकाने बेशुद्ध पडलो नाही. अकरा वर्षं सासूबाई आमच्याकडे आहेत. अकरा वर्षं 'जावईबापू, दिवा चालू राहिलाय.' 'जावईबापू, नळ टपकतोय.' आमच्याकडे विजेचं मीटर उगाच बसवलंय — मीटर निदान महिन्यातून एकदाच बोलतं.

नव्या घरात दिवे रात्रंदिवस चालू ठेवायचे, असं मी ठरवून टाकलंय.

८ मे, रविवार

सामान नेणाऱ्या कंपनीचा माणूस आला. हातात मोजायची टेप, कानावर पेन, चेहऱ्यावर सर्जनचे भाव. एकेका वस्तूपाशी थांबून 'हं' म्हणायचा. आपल्याला अख्खा ट्रक नाही, अर्धा! उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या कुठल्या तरी कुटुंबाचा संसार. मध्ये फळी. आपली बाजू भरली की भरली, वर एक उशीसुद्धा चालणार नाही.

माझ्या लाकूडकामाच्या टेबलापाशी त्याचा 'हं' जरा लांबला. 'साहेब, हे न्यायचंच का?'

न्यायचंच का! कारखाना सुटल्यावर मी स्वतःच्या हाताने केलेलं टेबल ते. चांगलं लांबरुंद, घट्ट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंग्ज काढली, हे तेवढं माझं स्वतःचं.

'नेणारच,' मी म्हटलं.

सासूबाई खुर्चीतून — 'आणि त्याच्यावर केलेली स्टुलं? तीही डुगडुगत येणार का?'

टेपवाला हसला. त्याला हसायचे वेगळे पैसे नव्हते, तरी हसला.

१० मे, मंगळवार

मेहुण्याचा फोन. आवाजात मध. 'आईचं सामान तेवढं इकडे नको हं. खाट, कपाट, ती आरामखुर्ची… आमच्याकडे कुठे बसणार? मी एक गोडाऊन बघून ठेवलंय. तिथे ठेवू. आई तेवढी इकडे.'

आई तेवढी! जणू हातातली पिशवी.

११ मे, बुधवार

मेहुण्याबरोबर गोडाऊन पाहून आलो. लांबलचक शेड, लोखंडी शटर, आत लोकांचे संसार प्लास्टिक पांघरून ओळीने झोपलेले. तिथला माणूस मात्र भारी. एकेक गोष्ट समजावून सांगत होता. सामान जमिनीवर टेकवायचं नाही, खाली फळ्या घालायच्या, नाहीतर ओल चढते. कपाटाची दारं गच्च बंद करायची नाहीत, आत वास धरतो. गाद्या दुमडायच्या नाहीत. लाकडाला भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायचं. मग मलाच उलट विचारलं — 'ऊन चालतं का वस्तूंना? नाहीतर आतल्या बाजूला देतो.' मेहुणा खूश. 'बघा! कसं सगळं सुरक्षित.'

तिथून त्याच्या घरी. 'चला, आईची जागाही बघून घ्या.'

गॅलरी. काचा लावून बंद केलेली, तेवढं खरं. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला मुलांच्या सायकली, मध्ये एक घडीची खाट. दुपारचं ऊन थेट उशीवर. मशीन चालू होतं — खाट हळूहळू दाराकडे सरकत होती. खोटं सांगत नाही, मी डोळ्यांनी पाहिली.

'उन्हाचं काय?' मी विचारलं.

'पडदा लावू की. नंतर.'

'आणि चौथी खोली?'

'ती पाहुण्यांसाठी लागते हो.' त्याची बायको चहा ठेवायला आत गेली ती बाहेर आलीच नाही. मेहुणा खालच्या आवाजात म्हणाला, 'आईचं काय, ती कुठेही राहील. तिचा काही त्रास नसतो.'

चहा न घेताच निघालो. येताना रस्ताभर तो गोडाऊनवालाच डोळ्यांपुढे. त्याने निदान विचारलं तरी होतं — ऊन चालतं का.

१२ मे, गुरुवार

सासूबाईंची खोली आवरायला घेतली. म्हणजे त्यांनी आवरली, मी खोकी धरली. माणसाचं सामान एवढं कमी असतं? कपडे, औषधांचा डबा, चष्मे, एक रेडिओ, दोन चादरी, एक्स्चेंजमधल्या बायकांबरोबरचा फोटो. कप गुंडाळायला त्यांनी आपले जुने स्वेटर काढले. वर्तमानपत्राची शाई लागते म्हणे. आधी बोलल्या असत्या तर आमचे पांढरे कप काळे झाले नसते!

मग, स्वेटरची बाही कपात कोंबता कोंबता — 'गोडाऊन कोरडं आहे का?'

'एकदम कोरडं.'

'आणि माझी जागा?'

'हवेशीर आहे,' मी म्हटलं. माझ्या डोक्यात एवढाच एक शब्द आला.

त्यांनी वर पाहिलं. 'वॉशिंग मशीनजवळची ना? माहितीये मला. मागच्या महिन्यात दाखवली त्याने. म्हणाला, आई, सवय होईल तुला.'

'मग तुम्ही काही बोलला नाहीत?'

'कुणाला बोलायचं? तुम्ही निघालात. तो ठेवून घेतोय.' स्वेटर घट्ट दाबला. 'मधलं माणूस बोलत नसतं, जावईबापू. जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं.'

मी चिकटपट्टी शोधायच्या निमित्ताने हॉलमध्ये गेलो. चिकटपट्टी माझ्या मनगटातच होती.

१३ मे, शुक्रवार

किती वर्षांनी ड्रॉइंगचा कागद काढला. आधी अर्धा ट्रक — वरून, बाजूने. मग नव्या घराच्या दोन खोल्या, बायकोने फोनवर मापं सांगितलेल्या. एकेक वस्तू कागदातून कापून फिरवून पाहिली. सोफा इकडे, फ्रीज तिकडे. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली खाट बसते. कपाट दाराआड बसतं. आरामखुर्ची त्याच खोलीच्या कोपऱ्यात, जरा तिरकी केली तर.

ट्रकात मात्र बसेना. कसंही फिरवा, एक लांबरुंद चौकोन मध्ये आडवा येतो. काय असावा, ते ओळखायला ड्राफ्ट्समन असायची गरज नव्हती.

खालच्या गॅरेजवाल्याला विचारलं, टेबल हवं का. म्हणाला, 'फुकट? काही दोष आहे का त्यात?' नाही बाबा. दोष त्याच्यावर काम करणाऱ्यात होता.

१४ मे, शनिवार

टेबल गेलं. चार जणांनी तिरकं करून जिन्यातून उतरवलं. पाय काढायला दुपार गेली — मीच इतके घट्ट बसवले होते की स्वतःलाच शिव्या घातल्या. सासूबाई पाहत होत्या.

'कुठे चाललंय?'

'खाली. जागा हवी होती.'

'कशाला?'

मी स्क्रू वेचत होतो, ते बरं झालं. मान खाली होती. 'तुमच्या खाटेला. आणि कपाटाला. खुर्ची पण बसते. तुम्ही आमच्याबरोबर चला.'

खुर्चीखाली घरंगळलेला एक स्क्रू त्यांनी पायाने माझ्याकडे सरकवला.

'तुमच्या बायकोला विचारलंत?'

'नाही.'

'मग?'

'मग काय, तिथे गेल्यावर सांगू. परत पाठवायला ट्रक लागतो, आणि ट्रकचं तिला काही कळत नाही.'

त्या उठल्या. मला वाटलं, आता नाही म्हणणार. 'दोन खोल्यांत मी कुठे मावणार,' वगैरे. उत्तर तयार होतं माझं, कागदही तयार होता. खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या —

'खाट सुटी करून न्या. बोल्ट पिशवीत घाला आणि पिशवी खाटेलाच बांधा. नाहीतर तुम्ही हरवाल.'

मग दार लावून घेतलं. आत नाक शिंकरल्याचा आवाज. पाच मिनिटांनी — 'जावईबापू, बाथरूमचा दिवा!'

बाथरूमचा दिवा बंदच होता.

१५ मे, रविवार

मेहुण्याला फोन. 'अरे! म्हणजे आमची तशी काहीच अडचण नव्हती…' गोडाऊन मात्र त्याने मला बोलूही न देता रद्द केलं. म्हटलं, बहिणीला कळवू नका, मी सांगतो. आनंदाने कबूल!

रोज रात्री येणारा बायकोचा फोन आज दुपारीच आला. 'झालं का रे सगळं? सामान बसतंय ना?'

'एक वस्तू वाढली आहे.'

'ते मेलं टेबल ना?'

'टेबल नाही. जुनीच आहे. नाजूक. जपून आणावी लागेल.'

'रेडिओ का?'

'आवाज करते, एवढं नक्की.'

फोन ठेवला. मागून सासूबाई — 'जुनी आणि नाजूक?' आणि हसल्या. हसल्या! अकरा वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं. की पाहायला तोंड वर केलं नव्हतं, कोण जाणे.

१७ मे, मंगळवार

ट्रक भरला. फ्रीज कालपासून बंद ठेवून पुसून घेतला, दारात फडकं अडकवलं. आरशावर मी चिकटपट्टीची फुली मारली. काच फुटली तरी जागेवर राहावी म्हणून. टेपवाला म्हणाला, 'साहेब, फुटलीच नाही तर?' विनोद करायची याला सवय लागली. फळीपलीकडे परक्यांचा पाळणा, सायकल, कुंड्या. अलीकडे आम्ही. सगळ्यात शेवटी आरामखुर्ची चढली, जरा तिरकी. माझं गणित बरोबर आलं!

घर रिकामं झालं आणि आवाज मोठे झाले. सासूबाई हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि एक्स्चेंजमधल्या जुन्या आवाजात म्हणाल्या, 'नंबर प्लीज?'

चारही भिंतींनी विचारलं.



१९ मे, गुरुवार

रेल्वेगाडीत. लिहायला हलतं फार. सासूबाईंना खालची जागा, मला वरची. दुपारी उतरून बघतो तर त्या समोरच्या बाईला सांगतायत, 'बशा उभ्या ठेवायच्या. आमचा हा आडव्या ठेवत होता.'

आमचा हा!

मी परत वर जाऊन पडलो. झोप लागली नाही. लागावी असंही वाटत नव्हतं.

२० मे, शुक्रवार

पोचलो. सामान अजून वाटेत. बायको दारातच थिजली. मग आईच्या गळ्यात पडून रडली ती रडलीच. मी बॅगा आत घेतल्या, दिवा लावला, बंद केला. हात कुठे ठेवावेत कळेना.

नंतर स्वयंपाकघरात मला एकट्याला गाठून म्हणाली, 'दादा तयारच नव्हता. किती हातापाया पडले मी त्याच्या! तुला आई नको होती, म्हणून.'

'मला?' मी म्हटलं. 'मी असं कधी म्हटलं?'

'रोज.'